निचरा : मध्यम

मोबाइल वाजला तेव्हा मी साडी खोचून गुडघ्याच्या वर पाण्यात उभी होते. संदेश माझ्याच ऑफिसनं पाठवला होता. त्याचा मजकूरही पावसाळ्याआधी मीच लिहून दिला होता : ‘येत्या दोन दिवसांत जोराचा पाऊस अपेक्षित. शेतकरी बंधूंनी शेतात साचलेल्या पाण्याचा त्वरित निचरा करावा.’ माझ्या शेजारी जी बाई उभी होती तिच्याही फोनवर तो आला. तिनं तो मोठ्यानं वाचला, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कुठे करायचा?”

तिचं सगळं भात पाण्याखाली होतं. लावणी होऊन महिना झाला होता. वरून नुसतं करडं पाणी दिसत होतं. हात घालून पाहिलं की पात लागायची, मऊ आणि गार. बांध कुठला आणि शेत कुठलं ते तिला पायानं कळत होतं, मला नाही.

कुठेच नाही, हे उत्तर मला चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

मी तंजावरची. आमचं घराणं इथे राजांच्या काळात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलतो, पण त्या मराठीत निम्मी तमिळ आहे. पुण्याला एका लग्नात मी तोंड उघडलं तर जेवणाच्या पंगतीत हशा पिकला होता. देवनागरी मला वडिलांनी शिकवली, माझ्या पाठच्या भावंडांना ती येत नाही. शेतीचं शिक्षण घेतलं, काही वर्षं बियाण्यांच्या दुकानात काढली आणि मग एका संस्थेत लागले. बदलत्या हवामानाशी शेतकऱ्यांनी कसं जुळवून घ्यावं हे सांगणं, हे त्या संस्थेचं काम. तिरुवैयारूच्या पुढची काही गावं माझ्याकडे होती. मोपेडवर तक्ते बांधून मी फिरत असे.

कामावर माझा विश्वास होता, हे आधी सांगते. इथल्या शेतकऱ्याला हवामान बदललंय हे सांगावं लागत नाही. ऐप्पसी आणि कार्तिगै, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, या दोन महिन्यांत जो पाऊस संथपणे पडायचा, तो आता तीन दिवसांत ओतून मोकळा होतो. मग कोरडं. मग भात पिवळं होऊन आडवं व्हायच्या वेळी, तै महिन्यात, पोंगलच्या आसपास, कुणी न बोलावता पुन्हा येतो. हे मी पुस्तकातून नाही, त्यांच्याकडूनच शिकले. मी त्यांना द्यायची ती दोन-तीन कामाची उत्तरं : पेरणीची तारीख अशी सरकवा, रोपं अशी लावा, आणि हे नवं बियाणं घ्या, ते दहा-बारा दिवस बुडालं तरी मरत नाही.

आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, त्यांतल्या एका गावात सभा घेतली. देवळाच्या मंडपात चौदा जण बसले होते, त्यांतल्या अकरा बाया. तरी आमच्या छापील पत्रकांवर ‘शेतकरी बंधूंनो’ असंच असायचं. मी बियाण्याची पिशवी वर धरून बुडण्याची गोष्ट सांगितली. तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक बाई म्हणाली, “बारा दिवस मरत नाही, बरं. तेराव्या दिवशी पाणी कुठे जाणार, अम्मा?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. ती हसली नाही.

ती पन्नाशीची असेल. देवळाची जमीन खंडानं कसायची. नवरा फार पूर्वी गेलेला, मुलगी लग्न होऊन तिरुप्पूरला. मी तिला अक्का म्हणत असे. सभा संपल्यावर तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, “चला, दाखवते.”

बांधाबांधानं आम्ही वडिकालवर आलो. शेतात पाणी आणणारा कालवा वेगळा आणि शेतातलं जास्तीचं पाणी काढून नेणारा वेगळा. त्या दुसऱ्याला इथे वडिकाल म्हणतात. पहिल्याचं सगळ्यांना कौतुक, त्याचं पाणी सुटलं की फुलं वाहतात. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. तिथे काठावर एक नारळ होता आणि त्याच्या बुंध्यावर चुन्याच्या आडव्या रेघा मारलेल्या होत्या. दर वर्षी पाणी जिथवर चढलं तिथे तिनं रेघ मारली होती. खालच्या रेघा जवळजवळ होत्या. वरच्या दोन एकदम हातभर वर.

“पाऊस वाढला म्हणून?” मी विचारलं. मला माझ्या तक्त्यासाठी एक छान फोटो दिसत होता.

“पाऊस वाढला हे खरंच,” ती म्हणाली. “पण एवढा नाही. पुढे चला.”

पुढे वडिकालच्या पोटातून मुरुमाचा एक रस्ता आडवा गेला होता. जिथे बारा हात रुंद पाणी वाहायचं तिथे रस्त्याखाली सिमेंटचा एकच पाइप. त्याच्या तोंडाशी जलपर्णी, दारूच्या बाटल्या, कुणाची तरी फाटलेली चादर. रस्त्याच्या टोकाला, पलीकडच्या काठावर, दगड रोवून आखलेले प्लॉट आणि रंग उडालेली कमान. काही प्लॉटवर घरं उभी राहत होती.

मी ती कमान ओळखली. अक्का माझ्याकडे बघत होती. आता तिला बघायचं होतं की मी काय बोलते.

“तुमच्या चित्तप्पांनी घातला हा पाइप,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

चित्तप्पा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आम्ही घरात काका म्हणतो. ती जमीन आमची होती. वडील गेल्यावर काकांनी ती प्लॉट पाडून विकायची ठरवली आणि वारस म्हणून माझीही सही लागली. रजिस्ट्रार ऑफिसात मी पंधरा मिनिटांत सही केली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी पिऊन कामावर गेले. त्या दिवशी कुठल्याशा गावात मला पावसाच्या पाण्याच्या नियोजनावर बोलायचं होतं. नकाशात वडिकाल कुठे आहे, प्लॉटकडे रस्ता कुठून जाणार, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक नव्हतं हे खरं. मी ठाऊक करून घेतलं नाही, हे जास्त खरं.

त्याच रविवारी मी काकांकडे गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

“काय ग, आज कोठे वाट चुकलीस?”

मी पाइपचं काढलं. आधी ते हसले. मग म्हणाले, “पंचायतीला विचारून घातलाय. एकट्या मीच घातला की काय? खाली उतरत जा, हरेकानं घातलाय.”

“काका, पाइपच्या वरच्या अंगाची सगळी शेतं बुडतात. दोन वर्षं बुडतायत.”

“पाऊस वेडा झाला त्यास मी काय करू?” त्यांनी पेपरची घडी केली. “तूच ना सांगत फिरतेस गावोगाव? हवामान बदललं, हवामान बदललं. मग हवामानास जाऊन सांग. मजवर कशास चिडतेस?”

“पाऊस आभाळातून पडतो. पाइप तुम्ही घातलात.”

“चुम्मा कायतरी बोलू नकोस.” आमच्या मराठीत ‘उगीच’ला चुम्माच म्हणतात. “आणि कागदावर तुझी सही नाही का?”

काकूनं तेवढ्यात कॉफी आणली. मी ती प्यायले. आजही मला त्या कॉफीचा राग येतो. उठून जायचं सोडून मी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

पण काकांचं एक वाक्य डोक्यातून जाईना. हवामानास जाऊन सांग. मी वर्षानुवर्षं गावात नेऊन पोचवलेला शब्द त्यांनी छत्रीसारखा डोक्यावर धरला होता. आणि ते एकटे नव्हते. कालवा साफ झाला नाही, हवामान. कालव्याचं दार मोडलं, हवामान. खरेदी केंद्रावर ताडपत्री नाही म्हणून भात भिजलं, हवामान. ज्याचं नाव घ्यायला नको त्याच्या जागी हा शब्द ठेवून द्यायचा. आभाळ कोर्टात येत नाही.

मी ऑफिसात अहवाल लिहिला, फोटो जोडले. आमचे वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो नीट वाचला. मग म्हणाले, “हा विषय पाटबंधाऱ्यांचा आहे. आपला विषय शेतकऱ्याची क्षमता वाढवणं हा आहे. आपण रस्त्यांच्या भांडणात पडलो तर उद्या गावात आपल्याला कुणी बसू देणार नाही.”

“सर, पाणी जाणार नसेल तर क्षमता कसली?”

“बियाणं आहे ना त्यासाठी.” ते म्हणाले, आणि गावाच्या माहितीचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, निचरा. त्यापुढे तीन पर्याय : चांगला, मध्यम, वाईट. वाईट लिहिलं तर गाव योजनेतून बाहेर जात होतं, बियाणंही मिळणार नव्हतं. मी मध्यम लिहिलं. अक्कापर्यंत बियाणं पोचावं म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. नोकरी टिकावी म्हणूनही लिहिलं.

तिनं निम्म्या शेतात माझं बियाणं लावलं आणि निम्म्यात तिचं नेहमीचं. “तुमच्यावर विश्वास नाही असं नाही,” ती म्हणाली, “पण सगळा माल एका बोटीत ठेवू नये.”

मग कार्तिगैत पाऊस आला. तीन दिवस, तीन रात्री. आणि मी तिच्याशेजारी पाण्यात उभी राहून माझाच संदेश ऐकला.

त्यानंतरचे दिवस मी फोनवर घालवले. पाटबंधाऱ्यांचं ऑफिस म्हणालं, रस्ता पंचायतीचा. पंचायत म्हणाली, प्लॉटवाल्यांचा. तालुक्याला खोदायचं एक मशीन होतं, ते दुसरीकडे अडकलेलं. काका फोन उचलत नव्हते. बाया म्हणत होत्या, रस्ता तोडू या. मीच त्यांना थांबवत होते. “दोन दिवस द्या. परवानगी येतेय.” परवानगी येत नव्हती हे मला कळत होतं, तरी मी तेच म्हणत राहिले, कारण परवानगीशिवाय काही करायचं असतं हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. सातव्या दिवशी शेतातून वास येऊ लागला. कुजत्या पातीचा वास गोडसर असतो. तो एकदा आला की विसरता येत नाही.

आठव्या दिवशी अक्का म्हणाली, “तुम्ही थांबा, अम्मा. तुमची नोकरी आहे. आम्ही तोडतो.”

ती हे रागानं म्हणाली नाही. मला वाचवायला म्हणाली. त्याची मला जास्त लाज वाटली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वडिकालच्या कडेनं खाली चालत गेलो. खालच्या गावच्या लोकांना सांगितलं की उद्या सकाळी पाणी येईल. त्यांची शेतं वडिकालपेक्षा उंचावर होती आणि वडिकाल तिथे रुंद होता. एक म्हातारा म्हणाला, “येऊ द्या. याच वाटेनं यायचं असतं त्याला.”

सकाळी आठला नऊ बाया फावडी-घमेली घेऊन रस्त्यावर आल्या. मी घरून पहार आणली होती. काम सुरू होतंय तोच काका स्कूटरवर आले. मागे प्लॉटवाले दोघे. काकांनी हेल्मेट काढलं आणि तमिळमध्ये बायांवर ओरडले, “कुणाच्या सांगण्यावरून? हा खाजगी रस्ता आहे. पोलीस बोलावू?” मग मला बघून एकदम मराठीत आले. “लाज नाही तुला? ह्या बायांसंगे?”

चारचौघांत मी काकांना कधी उलट बोलले नव्हते. वडील गेले तेव्हा तिथीवार सगळं त्यांनीच केलं होतं. मी तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

“या जमिनीच्या कागदावर माझी सही आहे. म्हणजे हा पाइप माझाही आहे. माझा पाइप मी काढतेय. पोलीस बोलवा, माझं नाव सांगा.”

आणि मी पहार घातली. पहिला घाव मुरुमात फुकट गेला, मनगटात कळ आली. अक्कानं माझ्या हातातून पहार घेतली, म्हणाली, “असं नाही, तिरकं,” आणि एका दणक्यात कड उखडली. मग सगळ्या तुटून पडल्या. काका तिथेच उभे होते. ते पुढेही आले नाहीत आणि गेलेही नाहीत. प्लॉटवाल्यांपैकी एकानं फोनवर सगळं टिपलं. दुसरा, ज्याच्या नव्या घराच्या जोत्याला पाणी लागलं होतं, थोड्या वेळानं चपला काढून घमेली उचलू लागला.

दुपारी पाइप उघडा पडला आणि शेजारची माती आपोआप ढासळली. पाणी आधी गढूळ, मग काळं, मग जलपर्णीचे गठ्ठे घेऊन आवाज करत सुटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई रडायला लागली, कारण तिचं शेत सगळ्यात खोलगट होतं आणि तिला ठाऊक होतं की तिच्यासाठी आता उशीर झालाय.

दोन दिवसांत शेतं वर आली. अक्काचं नेहमीच्या बियाण्याचं निम्मं शेत गेलं. माझ्या बियाण्याचं निम्मं आधी मेल्यासारखं दिसत होतं, मग आठवड्यानं मधून हिरवी सुई निघाली. त्या रडलेल्या बाईचं सगळं गेलं. आम्ही दोन दिवस आधी तोडलं असतं तर कदाचित वाचलं असतं. ते दोन दिवस माझे होते.

माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली. ऑफिसनं खुलासा मागवला. मी जे झालं ते लिहून दिलं. काकांच्या घरून पोंगलला दरवर्षी येणारा डबा त्या वर्षी आला नाही. मीही गेले नाही.

आणि मग मासी महिन्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तंजावरच्या एका हॉटेलात आमच्या योजनेचा मोठा कार्यक्रम झाला. भिंतीवर अक्काच्या शेताचा फोटो होता, दारापेक्षा मोठा. एका बाजूला तपकिरी, एका बाजूला हिरवं. खाली लिहिलं होतं : ‘बियाण्याची किमया’. फोटो पाणी उतरल्यानंतरचा होता. पाणी उतरलं कसं, हे कुठे नव्हतं. माझा खुलासा फाइलमध्ये आणि माझं बियाणं भिंतीवर. इतका राग मला काकांचाही आला नव्हता. काका निदान स्कूटर घेऊन माझ्यासमोर आले होते.

अक्काला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी तिचं इंग्रजीत मी सांगायचं होतं. वरिष्ठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “थोडक्यात सांगा. वेळ कमी आहे.” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

अक्का माइकपुढे उभी राहिली. शाल तिनं घडी करून काखेत धरली होती.

“बियाणं चांगलं आहे,” ती म्हणाली. मी सांगितलं. टाळ्या झाल्या.

“पण ते श्वास कोंडून धरणारं बियाणं आहे. श्वास किती दिवस धरायचा, हे त्यानं ठरवायचं की पाइप घालणाऱ्यानं?”

मी सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही.

“नवव्या दिवशी आम्ही रस्ता तोडला. ह्या अम्मा होत्या. त्यांच्यावर केस आहे. तुम्ही माझा फोटो लावलात. रस्त्याचा फोटो लावा.”

मी शब्दन् शब्द सांगितला. माझ्यावरच्या केसबद्दलही सांगितलं. वरिष्ठ आपल्या बुटांकडे बघत होते. एका पाहुण्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मग चहाची वेळ झाली.

दोन महिन्यांत माझी बदली ओरत्तनाडूकडे झाली. कागदावर कारण प्रशासकीय होतं. मी रुजू झाले. तिथेही भात आहे, तिथेही वडिकाल आहेत, आणि आता मी सभेच्या आधी ते चालत बघून येते.

उन्हाळ्यात त्या रस्त्याचं काम निघालं. पंचायतीनं एका पाइपच्या जागी दोन पाइप आणून टाकले. अक्का आणि बाया सुतळी घेऊन गेल्या, जुनं पात्र मोजलं आणि ठेकेदाराला सांगितलं, इथे पुलासारखी रुंद मोरी हवी, पाइप नको. तो म्हणाला, मंजुरीत पाइप आहेत. अक्का खोदलेल्या चरात उतरून बसली. दुपारी तिथेच डब्यातला ताकभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई बसली, मग तिसरी. मी सुट्टी काढून गेले आणि कलेक्टर ऑफिसात सोमवारच्या तक्रार-दिवशी द्यायचा अर्ज लिहून दिला. त्यावर नऊ सह्या झाल्या, दहावी माझी. या वेळी मी नकाशा पाहून सही केली.

एक इंजिनीअर आला, त्यानं मोजलं, मान हलवली. तीन गाळ्यांची मोरी मंजूर झाली आणि आडी लागायच्या आत बांधून झाली. माझ्यावरची तक्रार प्लॉटवाल्यांनी मागे घेतली. त्यांचीही जोती बुडत होतीच. काका अजून बोलत नाहीत. मीही पहिलं पाऊल टाकणार नाही.

अक्कानं फोनवर सांगितलं की मोरीच्या खाली दोन हाकांच्या अंतरावर कुणीतरी दुकानाची भिंत वडिकालमध्ये घेतलीय. नुकतीच, एका आठवड्यात. विटा अजून ओल्या आहेत.

“कुणाची आहे?” मी विचारलं.

“विचारतेय,” ती म्हणाली. “तुम्ही शनिवारी याल?”

मी म्हटलं, येते.